चिकुनगुन्यानंतरची संधिपीडा आणि दैनंदिन क्रियाहानी : काही विचार

चिकुनगुन्याचा ताप हा चिकित्सकाच्या दृष्टीने अल्पजीवी व्याधी होय. तीन ते सात दिवसांत ज्वर उतरतो, पुरळ मावळते, रक्ताचे अहवाल पूर्वपदावर येतात आणि रुग्ण 'बरा' म्हणून कागदोपत्री निकालात निघतो. परंतु त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी तोच रुग्ण वैद्याकडे परत येतो, तेव्हा त्याची तक्रार तापाची नसते. सकाळी मूठ वळत नाही, ओला पंचा पिळता येत नाही, शौचास बसले तर आधाराशिवाय उठता येत नाही, भाकरी थापताना मनगट साथ देत नाही, अशी ती तक्रार असते. त्याच्या हातातील कागद सांगतो की रोग नाही, आणि त्याचे हात सांगतात की काम होत नाही. या दोहोंमधील अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शिरपूर व परिसरातील वैद्यांना हा विषय नवा नाही. तथापि आपण त्याकडे प्रामुख्याने 'सांधेदुखी' म्हणून पाहतो व वेदनाशामक योगांवर भर देतो. वेदना किती, हे विचारले जाते. त्या वेदनेमुळे कोणते काम बंद पडले, हे क्वचितच विचारले जाते. लेखकाच्या मते चिकित्सेची दिशा ठरविण्यास दुसरा प्रश्न अधिक उपयोगी आहे.

पूर्वपीठिका

'चिकुनगुन्या' हा शब्द टांझानियातील माकोंडे लोकांच्या भाषेतील असून त्याचा आशय 'वाकवून टाकणारा' असा आहे. १९५२-५३ साली त्या भागात आलेल्या साथीत हा विषाणू प्रथम ओळखला गेला. नावातच क्रियाहानी आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या लोकांनी व्याधीला ज्वरावरून नाव दिले नाही. रुग्णाच्या वाकलेल्या देहावरून दिले.

भारतात हा विषाणू १९६३ साली कोलकात्यात आढळला. त्यानंतर मद्रास व अन्यत्र साथी आल्या. महाराष्ट्रात १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे मोठी साथ आली आणि मग सुमारे तीन दशके हा रोग देशातून जणू नाहीसा झाला. त्यामुळे २००५ च्या अखेरीस तो पुन्हा अवतरला तेव्हा बहुतेक तरुण चिकित्सकांनी त्याचे नावही केवळ पाठ्यपुस्तकात वाचलेले होते. २००६ च्या आरंभी नाशिक जिल्ह्यातील मालेगावात दोन हजारांवर रुग्णांची नोंद झाली. मालेगाव आग्रा रोडवर आहे आणि त्याच रस्त्याने धुळ्यावरून शिरपूर येते, म्हणजे साथ आपल्या उंबरठ्यावरच होती. त्या वर्षी देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी अडीच लाखांहून अधिक महाराष्ट्रातील होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केलेल्या तपासणीत हा विषाणू पूर्वीच्या आशियाई प्रकाराचा नसून आफ्रिकी प्रकाराचा असल्याचे आढळले. त्यानंतर रोग पूर्णपणे गेला नाही. कमी-अधिक प्रमाणात तो दरवर्षी दिसतो. २०२४ साली पुणे व नागपूर भागांत त्याने पुन्हा जोर धरला होता.

रोग पसरविणारा एडिस डास दिवसा चावतो व घरातील स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात वाढतो. खानदेशात रांजण, हौद, पिंप व गच्चीवरील उघड्या टाक्या ही त्याची घरे. नळाला जितक्या दिवसांआड पाणी येते, तितके दिवस घरात पाणी साठते, आणि डासाची पिढी तयार होण्यास सुमारे आठवडाभर पुरतो. या डासाची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्महिने तग धरतात, म्हणून पिंप केवळ रिकामे करून भागत नाही, घासावे लागते. रुग्णाला पथ्य सांगताना हे एक वाक्य जोडण्यास खर्च काहीच येत नाही.

वेचणीचा हंगाम

आपल्या भागात या व्याधीचे एक दुर्दैवी वेळापत्रक आहे. डासजन्य रोग पावसाळ्याच्या उत्तरार्धात, साधारणतः श्रावण ते आश्विन या काळात वाढतात. ज्वर उतरून संधिपीडा जेव्हा ऐन भरात असते, त्याच सुमारास कापूस फुटून वेचणी सुरू होते. चिकुनगुन्या मुख्यत्वे बोटांचे पेर, मनगट, घोटा व गुडघा धरतो. कापूस वेचणारी स्त्री दिवसभर याच सांध्यांवर काम करते. बोंडातून कापूस चिमटीने ओढायचा, कमरेच्या झोळीत टाकायचा, वाकायचे, पुढे सरकायचे, हे हजारो वेळा. वेचणीची मजुरी बहुधा किलोमागे ठरते. त्यामुळे मूठ वळत नसेल तर त्याचा हिशेब त्याच संध्याकाळी वजनकाट्यावर दिसतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून वेचणीस येणाऱ्या भिल्ल व पावरा कुटुंबांसाठी हा हंगाम वर्षाच्या मिळकतीचा मोठा भाग असतो.

अशी रुग्णा 'विश्रांती घ्या' हा सल्ला ऐकून घेते आणि पाळत नाही. तो पाळणे तिला शक्य नसते. मग ती एका दिवसात आराम देणारी पुडी शोधते. या पुडीसंबंधी पुढे विस्ताराने लिहिले आहे.

आधुनिक शास्त्राचे म्हणणे

प्रचलित वर्गीकरणानुसार पहिले तीन आठवडे ही तीव्रावस्था, तीन आठवडे ते तीन महिने ही मध्यमावस्था आणि तीन महिन्यांनंतरची ती जीर्णावस्था. रक्तातून विषाणू सुमारे आठवड्याभरात नाहीसा होतो. परंतु सांध्यातील अंतस्त्वचेत व भक्षक पेशींत त्याचे अंश राहत असावेत व त्यांच्याविरुद्ध शरीराची प्रतिकारप्रक्रिया चालूच राहत असावी, असे मानले जाते. सूज केवळ सांध्यात नसते, स्नायुबंधांच्या आवरणातही असते. मनगट वळविताना होणारी वेदना व मुंग्या यांचे कारण अनेकदा हेच असते. सकाळचा ताठरपणा, दोन्ही बाजूंचे लहान सांधे धरणे, यांमुळे चित्र ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिसशी मिळतेजुळते होते.

किती जणांना पीडा दीर्घकाळ राहते, याविषयी निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरील २००५-०६ च्या साथीनंतर झालेल्या पाहण्यांत हे प्रमाण बरेच मोठे आढळले. आपल्याकडे पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या साथीत सोलापूर जिल्ह्यातील बावी या गावी जाऊन रुग्णांचा पाठपुरावा केला. त्यातून दिसलेली गोष्ट अशी की, दीर्घकाळ दुखणाऱ्यांपैकी बहुतेकांची पीडा अनिश्चित स्वरूपाची होती, तर ठळक दाहयुक्त संधिशोथ हा थोड्यांनाच होता. म्हणजे प्रत्येक रुग्ण 'संधिवाताचा' नव्हे. चाळिशी-पंचेचाळिशी उलटलेले, आरंभीच तीव्र वेदना झालेले आणि ज्यांचे गुडघे आधीच झिजलेले होते असे रुग्ण अधिक काळ रेंगाळतात, याविषयी मात्र अनेक अभ्यासांत एकवाक्यता आहे.

याच गटाने क्लोरोक्विनचीही तपासणी केली होती. २००६ साली या गोळीचा फार बोलबाला झाला होता व गावोगावी ती वाटली जात होती. नियंत्रित चाचणीत ती साध्या वेदनाशामकापेक्षा सरस ठरली नाही. साथीच्या काळात एखादे औषध लोकप्रिय होणे आणि ते गुणकारी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा दंडक आपल्या काढ्यांनाही लागू करावयास हवा. आयुर्वेदीय योगांचा चिकुनगुन्योत्तर पीडेवरील पुरावा मोठ्या नियंत्रित चाचण्यांच्या रूपात अद्याप तोकडाच आहे. पुढे दिलेली चिकित्सा संहितेतील अवस्थाविचार व चिकित्सकांचा अनुभव यांवर आधारलेली आहे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

ज्वरमुक्त कोणास म्हणावे?

येथे चरकाचार्यांच्या ज्वरचिकित्सिताकडे वळणे इष्ट होईल. ज्वरमुक्त पुरुषाचे वर्णन करताना त्यांनी केवळ संताप गेला एवढे सांगून थांबणे पसंत केलेले नाही. क्लम व संताप नाहीसे झालेले, व्यथा नसलेली, इंद्रिये निर्मळ झालेली आणि सत्त्व प्रकृतिस्थ झालेले, अशा पुरुषाला ते ज्वरमुक्त म्हणतात. या कसोटीवर पाहता तापमापकात ९८ अंश दाखविणारा परंतु कळशी न उचलता येणारा रुग्ण ज्वरमुक्त ठरत नाही. त्याची व्यथा शिल्लक आहे. बहुधा क्लमही आहे. पुढे त्याच अध्यायात ज्वरातून उठलेल्याने बल येईपर्यंत व्यायाम, व्यवाय, स्नान व चंक्रमण वर्ज्य करावे असे सांगून, बल येण्याआधीच असात्म्य सेवन करणाऱ्यात ज्वर परत उलटतो, असे पुनरावर्तक ज्वराचे विवेचन येते. 'बल' ही मर्यादा घातली आहे, दिवसांची संख्या घातलेली नाही. वैद्याने 'पंधरा दिवसांनी कामाला लागा' असे सांगण्यापेक्षा बल कसे मोजावे हे ठरविणे अधिक शास्त्रसंमत होय.

संप्राप्तीविषयी आपल्यात मतभेद आहेत आणि ते असणे स्वाभाविक आहे. काहींनी यास आमवात म्हटले, काहींनी वातरक्त, काहींनी 'संधिज्वर' असे नवे नाव योजले. लेखकास असे वाटते की एकाच नावाचा हट्ट धरू नये, कारण रुग्ण एका अवस्थेतून दुसरीत जातो. पहिल्या काही आठवड्यांत अरुची, अंगगौरव, जिभेवर साम लेप, सकाळी घट्ट ताठरलेले सांधे, ढगाळ हवेत वाढणारी व कोरड्या शेकाने उतरणारी वेदना असे चित्र असते. माधवकरांनी वर्णिलेल्या आमवाताशी ते पुष्कळ जुळते. काही रुग्णांत याच्या जोडीला दाह, तळवे व पाऊल लाल होणे, त्वचा काळवंडणे ही लक्षणे दिसतात. नाकाच्या शेंड्यावर व गालांवर येणारा काळपटपणा हे तर चिकुनगुन्याचे एक खूणचिन्हच आहे. रुग्ण, विशेषतः तरुण मुली, त्याने सांध्यांपेक्षाही अधिक हवालदिल होतात. येथे पित्त व रक्त यांचा अनुबंध मानणे योग्य. शेक दिल्याने यांची पीडा वाढते, ही व्यवहारातील सोपी परीक्षा. आणि दोन-तीन महिन्यांनंतर जिभेचा लेप जातो, भूक सुधारते, सकाळचा ताठरपणा थोड्या वेळात मोकळा होतो. परंतु श्रमाने, वाऱ्याने, रात्री जागण्याने दुखते आणि तेल लावल्याने बरे वाटते. हा निराम वात, त्यासोबत धातुक्षय. हाच रुग्ण वयस्क असेल तर मूळचा संधिगतवात उघडा पडलेला असतो.

तेल केव्हा लावावे, हा यातील सर्वांत व्यावहारिक प्रश्न. सांधे दुखतात म्हणून तेल चोळणे ही घरोघरीची रीत आहे, आणि फार्मसीच्या फडताळावर सांधेदुखीची तेले पुढेच मांडलेली असतात. सामावस्थेत अभ्यंग केल्यास सूज व गौरव वाढल्याचे अनेकदा दिसते. फार्मसीचालकाने तेल देण्यापूर्वी ताप येऊन किती दिवस झाले व सकाळी सांधे किती वेळ जखडतात, एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ काम होईल.

क्रियाहानी कशी मोजावी

आधुनिक संधिरोगशास्त्रात यासाठी 'हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर' ही प्रश्नावली वापरली जाते. ती अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉ. जेम्स फ्राइज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केली. मूळ प्रश्नावलीत बाथटबमध्ये उतरणे यांसारखे प्रश्न असल्याने ती आपल्या रुग्णांना गैरलागू होती. पुढे भारतीय संधिरोगतज्ज्ञांनी तिचे १२ प्रश्नांचे भारतीय रूप सिद्ध केले; त्यात उकिडवे किंवा मांडी घालून बसणे, नळ फिरविणे, बाजारहाट करणे अशा क्रिया आल्या. प्रत्येक क्रियेस त्रास नाही, थोडा त्रास, फार त्रास, करताच येत नाही, असे शून्य ते तीन गुण द्यावयाचे असतात. प्रश्नावली भरण्यास काही मिनिटे पुरतात.

ग्रामीण वैद्याने तीत आपल्या गावचे प्रश्न घालण्यास हरकत नाही. भाकरी थापता येते का, की घरात आता चपाती किंवा खिचडीच होते? हापसा मारता येतो का? गाय-म्हशीचे दूध काढता येते का? मोटरसायकलचा क्लच दाबता येतो का? साडीच्या निऱ्या, वेणी, गुंड्या? दूध काढणे हा प्रश्न विशेष उपयुक्त आहे, कारण त्यात मूठ, मनगट व उकिडवे बसणे तिन्ही एकदम तपासले जातात आणि ते दिवसातून दोनदा, ठरावीक वेळी होते. सकाळी येत नाही पण सायंकाळी येते, असे उत्तर आले की सामत्व व ताठरपणा आपोआप कळतो. वेचणीच्या हंगामात तर 'गेल्या वर्षी किती किलो, यंदा किती' हा एकच प्रश्न पुरेसा होतो.

मुठीचे बल मोजण्यास खर्चिक यंत्राची गरज नाही. रक्तदाबमापकाचा पट्टा गुंडाळून त्यात २० मि.मी. पाऱ्याइतका दाब भरावा व रुग्णास तो सर्व शक्तीने दाबावयास सांगावा. पारा अथवा काटा किती वर चढतो हे तीन वेळा पाहून नोंदवावे. पंधरा दिवसांनी त्याच वेळी, त्याच हाताने पुन्हा मोजावे. रुग्णास ही संख्या दाखवावी. वेदना रोज बदलते, त्यामुळे काहीच फरक नाही असे रुग्णास वाटत राहते. काटा २० अंकांनी वर गेलेला त्याने स्वतः पाहिला की त्याचा धीर टिकतो.

चिकित्सा

तीव्रावस्थेबद्दल येथे थोडेच लिहितो, कारण तो या लेखाचा विषय नाही. एवढे मात्र आग्रहाने सांगावेसे वाटते की डेंगी नाही याची खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन व तत्सम वेदनाशामके रुग्णाने स्वतःहून घेऊ नयेत. दोन्ही रोगांचा डास एकच व आरंभीचे चित्र सारखेच.

साम अवस्थेत लघुभोजन, उष्णोदक, सुंठ व गुळवेल यांचा काढा हा पाया. महारास्नादि काढा, सिंहनाद गुग्गुळ २५० ते ५०० मि.ग्रॅ. दोन वेळा, आणि कोष्ठ पाहून रात्री सुंठीच्या काढ्यासोबत एरंडतेल १० ते १५ मि.लि., हा क्रम बहुतेकांस परिचित आहे. बाह्योपचारात वालुका पोटलीचा रूक्ष स्वेद सकाळी द्यावा, म्हणजे ताठरपणाच्या वेळेस त्याचा उपयोग होतो. पीडा हटवादी असल्यास व पित्तानुबंध नसल्यास वैतरण बस्तीचा विचार करावा. दाह व रक्तानुबंध असलेल्यास मात्र शेक, सुंठ व गुग्गुळाचे तीक्ष्ण योग आवरते घ्यावेत. गुळवेल, मंजिष्ठा, सारिवा, अमृता गुग्गुळ किंवा कैशोर गुग्गुळ यांवर भर द्यावा. निरामावस्थेत स्नेह, सहचर किंवा क्षीरबला तेल, दशमूळ, अश्वगंधा, बला, आणि त्यानंतर रसायन. रसायन आधी सुरू करण्याची घाई रुग्णापेक्षा नातेवाइकांना अधिक असते. ताप उतरताच च्यवनप्राशाची बाटली घरात येते, भूक मात्र अजून उगवलेली नसते.

आहाराबाबत खानदेशातील एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे कळण्याची भाकरी रोजची. तीत ज्वारीसोबत उडीद असतो. उडीद गुरू व अभिष्यंदी असल्याने सामावस्थेत ती बंद ठेवून दादरची साधी भाकरी, मुगाचे कढण, जुन्या तांदळाची पातळ पेज द्यावी. दही, शिळे अन्न व रात्री उशिरा जेवणे टाळावे. 'आंबट खाऊ नका' एवढे मोघम सांगितले की रुग्ण ताक व लिंबू सोडतो आणि कळणा खातच राहतो.

हालचालीचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. चिकुनगुन्योत्तर ताठरपणात सांधे पूर्ण निश्चल ठेवणे हानिकारक ठरते. कोमट पाण्यात हात बुडवून मूठ उघडझाप करणे, मनगट सावकाश वर्तुळाकार फिरविणे, पडल्या पडल्या गुडघा ताणून मांडीचे स्नायू आवळणे, असे हलके व्यायाम सकाळी सुरू करावेत व आठवड्याआठवड्याने वाढवावेत. आज केलेल्या कामाची वेदना दुसऱ्या सकाळीही तशीच राहिली तर मात्रा जास्त झाली असे समजावे. कोविड-१९ नंतर दीर्घकाळ थकवा राहिलेल्या रुग्णांस मात्र हाच नियम डोळे झाकून लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार संसर्गापासून तीन महिन्यांच्या आत दिसणारी व किमान दोन महिने टिकणारी लक्षणे, ज्यांचे दुसरे कारण सापडत नाही, ती कोविडोत्तर अवस्था होय. तीतील काही रुग्णांत थोड्या श्रमानंतर एक-दोन दिवसांनी सर्वच लक्षणे उसळून येतात. अशांना व्यायाम 'वाढवत नेणे' बाधते. बलार्धाच्याही आत राहून कामाचे लहान तुकडे पाडावे लागतात. दोघांचीही तक्रार 'काम होत नाही' हीच असते, पण एकाचे सांधे अडतात व दुसऱ्याचे बल संपते.

पुडी

सांधेदुखीवर हमखास गुण देणाऱ्या, वेष्टन नसलेल्या किंवा अपुरे लेबल असलेल्या 'आयुर्वेदिक' पुड्या व गोळ्या बाजारात फिरतात, हे आपण सर्व जाणतो. एका दिवसात मूठ वळू लागली, भूक भडकली, चेहरा टवटवीत झाला, असे रुग्ण सांगू लागला की त्यात स्टिरॉइड मिसळले असल्याची शंका घ्यावी. देशात अन्यत्र तपासलेल्या अशा नमुन्यांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन व वेदनाशामके सापडल्याचे अहवाल वैद्यकीय नियतकालिकांत वेळोवेळी आलेले आहेत. कापसाच्या हंगामात दोन-तीन महिने अशी पुडी घेतलेल्या रुग्णाचा चेहरा गोल होतो, साखर व रक्तदाब चढतो, जखमा भरत नाहीत.

असा रुग्ण आपल्याकडे आला की पुडी हिसकावून घेऊन 'आजपासून बंद' म्हणणे धोक्याचे आहे. दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्यावर शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते; एकदम थांबविल्यास गळाठा, उलट्या, रक्तदाब घसरणे असे गंभीर प्रकार होऊ शकतात. त्यास पुडीसह कायचिकित्सा तज्ज्ञाकडे पाठवावे व मात्रा क्रमाने कमी करवून घ्यावी. आपली चिकित्सा समांतर चालू ठेवता येते.

फार्मसीचालकांचे उत्तरदायित्व येथे थेट येते. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये आयुर्वेदीय औषधाच्या लेबलवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक व निर्मितीची तारीख असणे आवश्यक आहे. 'परवाना आहे, लेबल पुढच्या खेपेला येईल' असे म्हणणाऱ्या फिरत्या विक्रेत्याचा माल दुकानात घेऊ नये. अनुसूची ई(१) मधील विषवर्गीय द्रव्ये असलेल्या योगांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असते. आमवातात वापरल्या जाणाऱ्या अनेक रसकल्पांत बचनाग वा भिलावा असतो, तेव्हा ते चिठ्ठीवाचून देणे योग्य नव्हे.

गुळवेलीसंबंधीही एक सावधगिरी आहे. २०२१ साली मुंबईतील काही चिकित्सकांनी कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकाराचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला व वनस्पतीची ओळख नीट पटविली गेली नसल्याकडे लक्ष वेधले. वाद बाजूला ठेवला तरी टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया व तिच्याशी साधर्म्य असणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील फरक आपल्या पुरवठादारास कळतो का, हे फार्मसीचालकाने तपासणे गरजेचे आहे. कडुनिंबावर चढलेली वेल कोणीही तोडून आणतो, परंतु तोडणारा ती ओळखतोच असे नाही. महिनोन्महिने गुळवेल देताना भूक मेली, मूत्र गडद पिवळे झाले, डोळे पिवळसर दिसले तर औषध थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी, आणि अशी घटना आयुष औषधांच्या फार्माकोव्हिजिलन्स केंद्राकडे कळवावी.

केव्हा पाठवावे

एकच सांधा लाल, तप्त व अतिशय सुजलेला असून ताप पुन्हा आला असेल तर ते पूयजन्य असू शकते. तेथे एक दिवसही दवडू नये. तीन महिन्यांनंतरही दोन्ही हातांचे लहान सांधे सुजलेले राहिले व सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकला, तर आरए फॅक्टर व अँटी-सीसीपी तपासून संधिरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे. खरा ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस 'चिकुनगुन्याचे राहिलेले दुखणे' म्हणून वर्षभर काढ्यावर ठेवला गेल्यास बोटे कायमची वाकतात. चिकुनगुन्याची आयजीएम चाचणी काही महिने सकारात्मक राहू शकते. ती सकारात्मक आली म्हणजे आताच्या सर्व दुखण्याचे कारण तेच, असा निष्कर्ष काढू नये. दृष्टी अंधूक होणे, हातापायांत बळ नसणे, प्रसूतीच्या सुमारास मातेला ताप असणे, यांतही आपण एकट्याने चिकित्सा चालवू नये. प्रसूतिसमयी मातेच्या रक्तात विषाणू असेल तर नवजात बालकास गंभीर संसर्ग होऊ शकतो.

पुढच्या वर्षी पहिले ढग आले की जुने रुग्ण पुन्हा येतात आणि 'परत चिकुनगुन्या झाला' असे सांगतात. एकदा होऊन गेलेल्यास बहुधा दीर्घकाळ, बहुतांशी जन्मभर, प्रतिकारशक्ती राहते. तेव्हा ताप नसेल तर हा नवा संसर्ग नसून वर्षाऋतूतील वातप्रकोपाने जुनी व्यथा चाळवलेली असते, असे समजावून सांगावे. यासाठी अशा रुग्णांची वही वेगळी ठेवलेली बरी. मागील वर्षीचा मुठीचा अंक व बारा प्रश्नांचे गुण तीत असले की त्या दिवशीच्या अंकाशी ते पडताळून पाहता येतात. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी या रुग्णांना बोलावून लघु आहार, एरंडस्नेह व सकाळचा शेक आधीच सुरू करावा, म्हणजे वेचणीच्या आधी चार महिने हाती राहतात.